पावसाळ्याआधी घरच्या लेथचं काय काय करून घ्यावं?

खाडीकाठचा टर्नर:

नमस्कार मंडळी. ठाणे-बेलापूर पट्ट्यात टर्नर म्हणून नोकरी झाली, निवृत्तीनंतर गावी आलो. देवगड तालुका, घर खाडीला लागून. आंब्याच्या पेट्या भरायची एक पडवी होती. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, खाली कोबा. व्यापारी हल्ली माल थेट बागेतून उचलतो, म्हणून पडवीत नुसतं गवत आणि रिकामी खोकी पडून होती. ती साफ करून तिथे साडेचार फुटी बेडचा जुना लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र, बसवला. कोल्हापूरकडच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपातला आहे. हेडस्टॉकच्या, म्हणजे स्पिंडल असलेल्या डोक्याच्या, पुढे वीतभर बेड, म्हणजे खालचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रूळ, झिजलाय, पण एवढ्या वयाच्या कुठल्या लेथचा तिथे झिजलेला नसतो? स्पिंडल (फिरणारा आस) घट्ट आहे, थ्री-जॉ आणि फोर-जॉ असे दोन्ही चक (काम धरायचे पंजे) मिळाले, चेंज गियरचा (आटे पाडायला बदलायच्या गियरचा) डबाही बरोबर आला. आणखी काय हवं?

वेळ जाईल, बारीकसारीक काहीतरी करत राहीन, एवढीच कल्पना होती. पण गावात लेथ आलाय ही बातमी मशीन टेम्पोतून उतरायच्या आधी वाडीभर झाली. एचटीपी पंपाचे (बागेत फवारायच्या) आटे गेलेले नट, होडीच्या शाफ्टचे बुश (आत बसवायच्या नळ्या), ग्रासकटरचे वायसर, नारळ सोलायच्या यंत्राची पिन, असं सगळं येतं. भजनी मंडळाने टाळ आणले. दोरीची भोकं झिजून लांबट झाली होती, त्यांना बारीक पितळी बुश मारून दिले. मजुरी कधी रोख, कधी बांगडे. बायको म्हणते रोखच घ्या, बांगडे साफ मला करावे लागतात. होडीच्या कामात एक पथ्य मात्र पाळतो. पितळेचा बुश कितीही स्वस्त पडला तरी खाऱ्या पाण्यात घालत नाही. पितळेतलं जस्त पाण्यात निघून जातं आणि उरलेलं गुलाबी तांबं नखाने टोकरलं तरी सुटतं. गनमेटलच (तांबं-कथलाचं मिश्रण) लावतो, मग गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो.

आता मुद्द्याचं. बेडला गंज येतोय. पावसात येणार हे धरून चाललो होतो, पण मला तो थंडीतच भेटला. जानेवारीत सकाळी दहा-अकराला पडवी उघडावी तर बेडवर, टेलस्टॉकच्या (दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या) बॅरलवर, चकवर पाण्याचा पातळ थर. हात फिरवला तर ओला. पाऊस नाही, कौल गळत नाही. दोन दिवस हात लावला नाही की तांबूस ठिपके. थंडीत हे, तर जून ते सप्टेंबर काय होईल?

दुसरी अडचण विजेची. लेथची मूळ मोटर एक हॉर्सपॉवरची, थ्री फेज. घरात सिंगल फेज. सध्या एक जुनी सिंगल फेज मोटर लावून चालवतोय. संध्याकाळी व्होल्टेज 170-180 वर येतं, मग मोटर नुसती घुं करते आणि उचलत नाही. व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारी, वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) लावावा असं सगळे म्हणतात. आमच्या असल्या विजेवर तो टिकेल का?

तिसरी गोष्ट हौसेची. पावसात बागेत काम नसतं, लाइटही नसते. त्या दिवसांत करता येईल असं, लेथच्याच उपयोगाचं एखादं लहान काम सुचवा. क्विक चेंज टूलपोस्ट (टूल झटपट बदलायचा धारक) सुचवू नका. शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) लावून टूल सेंटरला आणायची हाताला सवय आहे, आणि पत्र्याच्या डब्याचे शिम फुकट मिळतात. सगळं मिळून दहा हजारांच्या आत बसवायचं आहे.

तारकर्लीचो फिटर:

काका, येवढो इचार कसलो करतास? गाडयेचा जळका तेल बेडार फासा, वर निळी ताडपत्री घाला, दोरयेन घट्ट आवळा. थेट चवथीक सोडा. आमी होडयेच्या इंजिनाक हेच करतो, काय एक होणा नाय. पावसात कोण काम करता?

जांभा-बीड:

टर्नरकाका, वरचा सल्ला होडीच्या इंजिनाला चालून जातो, कारण ते बाहेरून रंगवलेलं असतं. लेथच्या उघड्या बेडला असलं काही करू नका. जळक्या तेलात काजळी असते, आम्लं असतात, धातूचा बारीक चुरा असतो. तो चुरा सॅडलखाली, म्हणजे बेडवर सरकणाऱ्या टूलच्या गाड्याखाली, गेला की झिजलेला बेड आणखी झिजणार. आणि ताडपत्री! तुमचा कोबा थेट जमिनीवर आहे. जमिनीतली ओल वर येते, ताडपत्रीखाली कोंडते आणि रात्री बीड गार झालं की त्याच्यावरच बसते. रत्नागिरीत होड्यांच्या कामाचं माझं वर्कशॉप आहे. दर श्रावणात माझ्याकडे एखादं तरी असं आवळून ठेवलेलं मशीन दुरुस्तीला येतं. फिटरभाऊ, राग मानू नका.

थंडीतल्या गंजाचं उत्तर शाळेच्या भूगोलात आहे. रात्री मतलई वारा, जमिनीवरून येणारा, गार आणि कोरडा. चारपाचशे किलोचं बीड रात्रभर त्यात गार होतं. सकाळी ऊन चढलं की खारा वारा सुरू होतो, समुद्राची वाफ घेऊन. हवा तासाभरात तापते, बीड मात्र दुपारपर्यंत गारच राहतं, म्हणून वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. तुम्ही पडवी उघडता तीही नेमकी त्याच वेळेला. थंडीत पश्चिमेची खिडकी आणि दार दुपारपर्यंत बंद ठेवा, नाहीतर उजाडताच उघडून दहाच्या आत बंद करा. एवढ्यानेही बराच फरक पडेल.

पावसाळ्यात हे पुरणार नाही, कारण तेव्हा हवाच दिवसरात्र नव्वदीच्या आसपास दमट. साधारण 60 टक्क्यांच्या पुढे लोखंड गंज धरायला लागतं, वर मीठ बसलेलं असेल तर त्याच्याही आधी. झाकण घालून हवा कोरडी होत नाही, पण मशीन थोडं उबदार ठेवलं तर त्याच्याभोवतीची हवा कोरडी पडते. 26 अंशांची 95 टक्के दमट हवा 30 अंशांवर नेली की तीच हवा 75 टक्क्यांवर येते. म्हणजे मशीन भोवतालपेक्षा चार-पाच अंश गरम ठेवायचं, बस्स. हेडस्टॉकखालच्या कपाटात 60 वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा. एलईडी लावून उपयोग नाही, आपल्याला उजेड नको, ऊब हवी. होल्डर चिनी मातीचा घ्या, बल्बला जाळीचा पिंजरा करा, आणि कपाटात तेलाचं फडकं किंवा कीस राहू देऊ नका, आग लागेल. वरून जुनी सुती चादर, जमिनीपर्यंत लोंबती. दिवसाला दीड युनिटपेक्षा कमी जळतं. वहिनींना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या बिलाला बल्ब निघेल.

पण जूनमध्ये पहिल्या वादळाला झाड तारांवर पडलं की दोन-दोन दिवस लाइट नाही, बल्बही नाही. म्हणून तेल हवंच. रोज काम असेल तर 68 नंबरचं स्लाइडवे तेल. ते चिकट असतं, उभ्या भागावरूनही ओघळत नाही. आठवडाभर हात लागणार नसेल तर ग्रीसचा पातळ हात. फवारायच्या डब्यातलं जे पातळ तेल सगळे वापरतात ते पाणी हटवायला चांगलं, पण त्यातला बराच भाग उडून जातो. त्याच्या भरवशावर पावसाळा काढू नका. आणि काम संपलं की चकला, टेलस्टॉकच्या बॅरलला तेलाचं फडकं फिरवा. आपल्या हाताचा घामही खाराच असतो.

आता एक गोष्ट जी कोणी विचारत नाही. कूलंटमध्ये (कापताना टूल गार ठेवायच्या मिश्रणात) पाणी कुठलं घालता? खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ते पाणी दुधी तेलात मिसळून तुम्ही रोज बेडवर मीठच शिंपडत असाल. पावसात कौलांवरचं पाणी धरा, पहिल्या दोन सरी सोडून, आणि तेच वापरा. मी तर चार महिने कूलंट बंदच ठेवतो आणि ब्रशने नुसतं कटिंग ऑइल लावतो. घरच्या कामाला तेवढं पुरतं.

आत्ता जे ठिपके आहेत ते काथ्याचा बोळा आणि डिझेलने घासा. एमरी पेपर बेडला लावू नका. त्याचे कण बीडात रुततात आणि सॅडल पुढेमागे करताना कानशीसारखं काम करतात.

दसऱ्याच्या सुमारास बेडला पीळ पडलाय का तेही बघा. चिऱ्याची पडवी उतारावर असेल तर खाली कुठेतरी भराव असणारच, आणि भराव पावसात बसतो. 30 मिलिमीटरची सळई चकमध्ये धरा, 150 मिलिमीटर बाहेर, टेलस्टॉक न लावता. मधला भाग उतरवून दोन टोकांना दोन कॉलर ठेवा आणि एकाच सेटिंगवर दोन्हींवर अगदी हलका कट घ्या. मायक्रोमीटरने मोजा. बाहेरच्या टोकाची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय, म्हणजे तुम्ही उभे राहता त्या बाजूचा, किंचित उचला. लहान आली तर मागचा. कट जाड घेतला तर सळईच वाकते आणि बाहेरची कॉलर उगाच मोठी दिसते, तेवढं सांभाळा. महागडी लेव्हल विकत घ्यायची गरज नाही.

चिपळूणचा वायरमन:

मी फक्त विजेचं बोलतो. काका, ती सिंगल फेज मोटर 170 व्होल्टवर चालू करणं आजपासून बंद. तिच्यात सुरुवातीपुरती एक वेगळी वाइंडिंग असते, मोटर वेगात आली की आतला स्विच तिला तोडतो. व्होल्टेज कमी असलं की मोटर त्या वेगाला पोचतच नाही, स्विच सुटत नाही, आणि ती वाइंडिंग जळते. तुम्हाला घुं ऐकू येतं ते हेच.

व्हीएफडी लावा. सिंगल फेज इनपुट, थ्री फेज 220 आउटपुट, दीड हॉर्सपॉवरचा घ्या, मोटर एकची असली तरी. बहुतेक व्हीएफडी 180 व्होल्टलाही चालू राहतात, फक्त ताकद थोडी कमी मिळते. घेण्याआधी मूळ थ्री फेज मोटरची पाटी वाचा. 415 व्होल्टला स्टार (वाइंडिंगची एक जोडणी) असं असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा (दुसरी जोडणी) करायची, मग ती 240 वर पूर्ण ताकद देते. तीनच टोकं बाहेर असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून उरलेली तीन बाहेर काढून घ्या.

हळू फिरवायची हौस येईल. पण 20 हर्ट्झच्या खाली फार वेळ ठेवू नका, मोटरचा पंखाही तेवढाच हळू फिरतो आणि ती तापते. जड कामाला बेल्टच बदला. तुमचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसत असेल तर व्हीएफडीचा रिव्हर्स आणि झटपट ब्रेक दोन्ही बंद करून ठेवा. उलटा झटका बसला की चक सुटून पायावर येतो.

व्हीएफडी भिंतीवर उघडा लावू नका. पाल आत शिरते, मुंग्या घर करतात आणि सर्किट जातं. बंद पेटी, खालून-वरून बारीक जाळी. जांभ्यात ओल टिकत नाही, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात पाणी घालत राहा. आणि मे अखेरीस व ऑक्टोबरात गडगडायला लागलं की प्लग काढा.

काजूवाली, वेंगुर्ला:

काका, आमचं काजू फोडायचं छोटं युनिट आहे. मशीनची पाती, पिना, स्प्रिंगा मीच बघते, लेथ लहान आहे पण आहे. दोन गोष्टी सांगते.

ड्रिल, टॅप, डाय, मायक्रोमीटर बाहेर ठेवूच नका. बंद पडलेला फ्रिज भंगारवाल्याकडून घ्या. दाराचं रबर चांगलं असलेला बघून घ्या, बाकी काही बघू नका. आत 15 वॉटचा बल्ब लावला की झालं. भिंतीत ऊब धरून ठेवायचा थर आधीच असतो, म्हणून एवढ्याशा बल्बवरही तो पावसाळाभर कोरडा राहतो. माझे टॅप त्यात आहेत आणि काळेच्या काळेच आहेत. घरात आधी सांगून ठेवा, कोणीतरी त्यात दही ठेवतं.

आणि लाइट नसताना करायच्या कामाचं. स्पिंडल हाताने फिरवायचा दांडा करा. स्पिंडलच्या मागच्या तोंडात सैलसर जाईल असा एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा घ्या, मध्ये आरपार भोक, पुढच्या टोकाला चार चिरा, आणि त्या टोकाला आतून उतार टर्न करा. त्या उतारात बसणारी शंकूची गुडदी, गुडदीत आटे, आणि मागून लांब बोल्ट. बोल्ट आवळला की गुडदी मागे ओढली जाते, चिरा फाकतात आणि दांडा स्पिंडलला आतून धरतो. बाहेर फूटभर पट्टी आणि फिरती मूठ. आटे पाडायला यासारखं सुख नाही. खांद्यापर्यंत आटे न्यायचे असले तरी टूल आदळत नाही, हाताला कळतं. आणि चक आट्यांचा असला तरी हाताने हळू उलटं फिरवताना सुटत नाही.

एक नियम कडक पाळायचा. दांडा लावायच्या आधी मोटरचा प्लग काढून तुमच्या खिशात. स्विच बंद करून भागत नाही. आपल्याकडे लाइट कधी येईल याचा नेम नाही, आणि दांडा लावलेला असताना मोटर फिरली तर तो मनगट मोडेल.

खाडीकाठचा टर्नर:

सगळ्यांचे आभार. ताडपत्री रद्द. फिटरभाऊ, तुमची होडी तुम्हाला लखलाभ, माझा लेथ आता चादरीत. पाटी बघितली: 415, स्टार, 2.1 अँपिअर, 1415 आरपीएम, आणि बॉक्समध्ये सहा टोकं आहेत. म्हणजे व्हीएफडी ठरला. विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं हे आम्हाला चहावरून ठाऊक आहे, पण तेच मी कूलंटच्या टाकीत ओततोय हे डोक्यातच आलं नव्हतं. आता पन्हळीखाली पिंप लावतो.

फ्रिज सावंतवाडीच्या भंगारवाल्याकडे आहे, टेम्पोवाल्याशी बोलणं झालंय. बायको विचारते, खाली माझा भाजीपाला मावेल का.

ताई, दांड्याची कल्पना फार आवडली. कारखान्यात तशी कधी गरज पडली नाही, तिथे जनरेटर होता. पण त्यावरून एक प्रश्न. माझा लीडस्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा स्क्रू) इंची आहे, इंचाला चार आटे. होडीचं जुनं काम बरंचसं इंचीत असतं, तिथे अडत नाही. मोटरसायकलचं आणि नव्या पंपांचं सगळं मेट्रिक. एम 12 चे (12 मिलिमीटर बोल्टचे) आटे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.75 मिलिमीटर, पाडायचे तर गियर कुठले लावू? इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडायला लागतो तो 127 दातांचा गियर डब्यात नाही. 20 पासून पाच-पाचच्या टप्प्याने आहेत, आणि एक 47 चा आहे, तो कशासाठी ते कळत नाही.

जांभा-बीड:

तो 47 चा कोणीतरी नेमका मेट्रिकसाठीच करून घेतलाय. डबा परत उलथापालथा करा, 37 चा जोडीदार तळाशी सापडेल. नसेल तर तो एकच करावा लागेल.

हिशेब असा. लीडस्क्रूचा पिच 6.35 मिलिमीटर. 1.75 भागिले 6.35 म्हणजे बरोबर 35 भागिले 127. तुमच्या लीडस्क्रूला कुठल्याही मेट्रिक पिचसाठी पिच गुणिले 20 करा, तेवढ्या दातांचा गियर स्पिंडलकडे, 127 चा स्क्रूवर. मधला आयडलर कितीचाही चालतो. 127 नाही म्हणून 47 आणि 37 ची जोडी. 47 ला 37 ने भागलं की 1.2703 येतं, आपल्याला हवं 1.27. फरक हजारात 0.2, म्हणजे 100 मिलिमीटर लांब आट्यांत 0.02. नट-बोल्टला तो जाणवणारही नाही. 127 च्या जागी 100 चा गियर आणि 47-37 ची कंपाऊंड जोडी बसते: स्पिंडलवर 35, तो 47 ला फिरवतो, 47 च्या शाफ्टवरचा 37 स्क्रूवरच्या 100 ला. 35 आणि 100 चं गुणोत्तर 7 ला 20, तेच लागतं; 21 आणि 60 चंही तेच येतं, पण 21 चा गियर तुमच्याकडे नाही. म्हणजे तुमच्या डब्यात बसणारी जोडी एकच, 35 आणि 100.

मेट्रिकला हाफनट (टूलचा गाडा लीडस्क्रूला जोडणारा नट) उघडायचा नाही, प्रत्येक कटानंतर टूल मागे घेऊन स्पिंडल उलटं फिरवूनच परत यायचं. ताईंचा दांडा इथे कामाला येतो.

37 चा सापडला नाही तर मला कळवा, माझ्या मिलिंगला डिव्हायडिंग हेड (गियरचे दात समान वाटून पाडायचं साधन) आहे. त्याआधी 47 च्या गियरचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजून ठेवा आणि 49 ने भागा. उत्तर 1.5 किंवा 2 असं सरळ आलं तर तो मोड्यूल (दाताचं मेट्रिक माप). वेडंवाकडं आलं तर 25.4 ला त्या उत्तराने भागा, 14 किंवा 16 च्या आसपास आकडा येईल, तो डीपी (दाताचं इंची माप). भोकाचा व्यास आणि कीवेची रुंदीही लिहून पाठवा.